विहारचं पाणी मुंबईत आलं त्याला १६५ वर्षं झाली, मग नळाला दोन तासच पाणी का?

प्रश्न असा आला आहे: "मी पूर्व उपनगरातल्या एका शाळेत सातवीला शिकवते. विहार तलावाचं पाणी १८६० साली मुंबईत आलं, म्हणजे २०२५ मध्ये १६५ वर्षं पूर्ण झाली. त्यावर मुलं प्रकल्प करताहेत. त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. एवढी जुनी व्यवस्था आहे, तर आमच्याकडे दोन-अडीच तासच पाणी का येतं? तेव्हाचे पाइप अजून जमिनीखाली आहेत का? आणि यात साजरं करण्यासारखं नक्की काय आहे?"

ताई, मी तीस वर्षांहून जास्त काळ राज्यातल्या लहानमोठ्या शहरांच्या पाणीयोजनांवर काम केलं. मुंबईच्या व्यवस्थेत मी नोकरीला नव्हतो, पण आमच्या पिढीचे सगळेच जण ती बघत, तिच्याकडून शिकत मोठे झाले. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. मुलांच्या तिन्ही प्रश्नांची मुळं एकाच जागी आहेत, तिथपर्यंत जाऊ या.

विहारच्या आधी मुंबई तळ्यांवर आणि विहिरींवर जगत होती. मुलांना नकाशा द्या आणि नावं शोधायला सांगा: धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, नवाब टँक, दो टाकी. तिथे आज पाणी दिसत नाही, बसथांबे आणि नाके आहेत. तळी बुजली तरी नावं टिकली. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर मात्र १७२५ पासून आजही आहे. लोकवस्ती वाढली तशी ही तळी पुरेनाशी झाली. १८५० च्या दशकात तर माणसांना पाणी पुरावं म्हणून गुरं माहीमकडे हलवण्याची वेळ आली.

तेव्हा हेन्री कोनीबेअर या अभियंत्याने सुचवलेली योजना हाती घेतली गेली. कुलाब्याचं अफगाण चर्च ज्यांच्या आराखड्यावर उभं आहे, तेच हे कोनीबेअर. मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या पवईच्या उत्तरेला, मातीचे बांध घालून तलाव करायचा आणि तिथून बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाइपातून पाणी शहरात आणायचं, अशी ती योजना. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये पाणी आलं. रोजचं पाणी होतं सुमारे ३ कोटी २० लाख लिटर, म्हणजे आमच्या भाषेत ३२ दशलक्ष लिटर.

इथे मुलांना एक भागाकार करायला लावा. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. ३२ दशलक्ष लिटर एवढ्या माणसांत वाटले, तर माणशी साधारण ३९ लिटर येतात. हा ३९ चा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

विहार पुरा पडेना हे दहा-बारा वर्षांतच दिसलं. मग मुंबईने जे केलं, तेच ती आजवर करत आली आहे: आणखी वरचं, आणखी लांबचं पाणी गाठायचं. १८७९ मध्ये तुळशी. १८९२ मध्ये शहापूरजवळचं तानसा, जवळपास पावणेतीन किलोमीटर लांबीचं दगडी धरण. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात वैतरणेवरचं धरण झालं. त्याला मोडकसागर हे नाव मिळालं ते पालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्यावरून. अल्बर्ट मेयर यांच्यासोबत १९४८ साली बृहन्मुंबईचा आराखडा मांडणारे मोडक तेच. माझ्या पहिल्या वरिष्ठांच्या खोलीत मोडकसागरच्या सांडव्याचा एक कृष्णधवल फोटो भिंतीवर होता. 'आपल्या माणसांनी केलेलं काम' असं ते अभिमानाने म्हणत. त्यानंतर १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने भातसा आणि २०१४ मध्ये १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा.

आज मुंबईला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी येतं. १८६० च्या सुमारे १२० पट. सातही तलाव काठोकाठ भरले तर साठा होतो १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, आणि त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसात आहे. ज्या विहारपासून सगळं सुरू झालं, तो पूर्ण भरला तर २७,६९८ दशलक्ष लिटर. आजच्या मुंबईला हा अख्खा तलाव एक आठवडा पुरेल. सगळ्या साठ्याला रोजच्या पुरवठ्याने भागा, ३७१ दिवस येतात. बाष्पीभवन त्यातून वजा व्हायचंच आहे. म्हणजे मुंबईकडे एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचंच पाणी असतं, शिल्लक नसते. जूनचा पाऊस लांबला की पाणीकपातीची बातमी येते ती यामुळे. १ ऑक्टोबरला साठा किती भरला, याकडे पालिकेतले लोक डोळे लावून बसतात. शेतकरी जसा कणगीकडे बघतो तसंच ते बघणं असतं.

आता पाइपांचं. हो, दक्षिण मुंबईत ब्रिटिश काळातले पाइप अजून वापरात आहेत. नेमका १८६० चाच पाइप कुठे चालू आहे असा दावा मी करणार नाही, पण शंभरी ओलांडलेला बिडाचा पाइप ही आमच्यासाठी रोजची गोष्ट आहे. बीड चिवट असतं. दोन पाइपांचा सांधा तेव्हा तागाची दोरी ठासून, वर वितळलेलं शिसं ओतून करत. रस्त्यावरून जड गाड्या गेल्या, शेजारी कोणी खोदलं, जमीन जरा खचली की आधी हा सांधा सुटतो; पाइप मात्र शाबूत असतो. दुसरा आजार आतला. वर्षानुवर्षं गंजाच्या गाठी धरत जातात आणि बारा इंची पाइपातून सहा-सात इंची पाइपाएवढंच पाणी पुढे सरकतं. असा कापलेला तुकडा एकदा मुलांनी हातात घेऊन बघायला हवा. आमच्या प्रशिक्षणात तो टेबलावर ठेवला होता आणि मला सगळ्या व्याख्यानांपेक्षा तोच लक्षात राहिला. पोलादी मुख्य वाहिन्यांचं दुखणं वेगळं. त्या खाऱ्या, दलदलीच्या जमिनीत बाहेरून गंजतात. म्हणून आता मोठ्या वाहिन्यांऐवजी खडकात खोल बोगदे खणले जातात. गुंदवली ते भांडुप हा १५ किलोमीटरचा जलबोगदा तसाच आहे.

पण पाइप जुने म्हणून पाणी दोन तास येतं, असं नाही. मुलांच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्याकडे पाणी 'सोडतात'. शहराचे झोन पाडलेले असतात, मुंबईत अडीचशेहून जास्त. प्रत्येकाची वेळ ठरलेली. चावीवाला ठरल्या वेळी रस्त्यातलं झाकण उघडून लांब दांड्याची चावी व्हॉल्व्हवर बसवतो आणि फिरवायला लागतो. एका झोनचं पाणी बंद झालं की दुसऱ्याचं चालू. पहाटे साडेतीनला, पावसात, वाहनं चुकवत हे काम चालतं. मोठ्या व्हॉल्व्हला शंभराच्या पुढे आटे असतात आणि ते तोंडी मोजायचे असतात. मी नवीन असताना एका शहरात घाईने व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला, तेव्हा सोबतचे वयस्कर चावीवाले म्हणाले, "साहेब, पाणी पळत येतंय. त्याला थांबायला जागा द्या, नाहीतर ते पाइप फोडून थांबेल." पाण्याच्या आघाताचं गणित मी पुस्तकात शिकलो होतो, त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला.

आता हे असं पाणी सोडलं की काय होतं ते बघा. बंद काळात पाइप रिकामा होतो. सुरुवातीला पाणी येतं ते आधी रिकामी नळी भरण्यात जातं, आम्ही म्हणतो लाइन चार्ज व्हायला वेळ लागतो. चढावरच्या आणि टोकाच्या घरांना तोवर थेंब नसतो. आपली वेळ संपायच्या आत भरून घ्यायचं म्हणून सगळे एकदम नळ सोडतात, कोणी नळाला मोटार लावतो. दाब पडतो आणि टोकाचा माणूस आणखी मागे राहतो. रिकाम्या पाइपात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला, तर सुटलेल्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार जात असेल तर गटाराचं. म्हणून पहिलं पाणी गढूळ येतं आणि घरोघर बायका पहिल्या दोन-चार कळशा ओतून देतात. भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पाणी कितीही नीट गाळलं, क्लोरीन दिलं, तरी शेवटच्या शंभर मीटरमध्ये हे घडू शकतं. रोज भरणं, रोज रिकामं होणं, हा ताण सांध्यांनाही सोसत नाही. गळती वाढते. गळती वाढली की पाणी कमी पडतं, म्हणून वेळ आणखी कमी करतात, आणि पुन्हा तेच चक्र.

चोवीस तास पाणी द्यायला चौपट पाणी लागेल, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. माणूस दिवसभरात वापरायचं तेवढंच वापरतो. नळाला कधीही पाणी आहे अशी खात्री पटली की पिंपं, टाक्या भरून ठेवणं आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतणं थांबतं. मात्र त्याआधी गळती आटोक्यात आणावी लागते, नाहीतर भोकंसुद्धा चोवीस तास वाहतील. आणि मीटर लागतात, वापराप्रमाणे बिल लागतं. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने हे करून दाखवलं. लहान गाव आहे, पण घरोघर मीटर बसले आणि चोवीस तास पाणी मिळालं. कर्नाटकात हुबळी-धारवाडच्या काही भागांत २००८ पासून हा प्रयोग झाला. मुंबईत २०१४ मध्ये वांद्रे पश्चिमच्या आणि मुलुंडच्या विभागांत चोवीस तासांचा प्रयत्न सुरू झाला, पण चोवीस तास पाणी काही शक्य झालं नाही. दीड शतकात एकावर एक टाकलेल्या वाहिन्या, नकाशात नसलेल्या जोडण्या, जागोजागी उंचसखल वस्ती, अशा शहरात हे अवघडच आहे. तरी ते अशक्य नाही, असं माझं मत आहे आणि मी ते जबाबदारीने सांगतो.

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' अशी म्हण आहे. मुंबईचं उलटं आहे. आडात पुष्कळ आहे, पोहरा गळतो. मुंबईत गळती, चोरी आणि न मोजलेलं पाणी मिळून एकूण पाण्याच्या चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचे आकडे सांगितले जातात. मी कमीतला कमी धरतो, चौथा हिस्सा. ३,९०० चा चौथा हिस्सा ९७५ दशलक्ष लिटर रोजचे. त्यातलं काही पाणी कोणाच्या तरी हंड्यात जातं, ते वाया नाही, फक्त नोंदीत नाही. पण निम्मं जरी खरोखर मातीत जात असलं, तरी ते रोज ४८७ दशलक्ष लिटर झालं. मध्य वैतरणा धरणातून मिळतं ४५५. आता वाडा तालुक्यात गारगाई नदीवर जे नवं धरण प्रस्तावित आहे, त्यातून मिळणार ४४०. त्यासाठी तानसा अभयारण्यातली काही लाख झाडं आणि काही गावं पाण्याखाली जातील. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प मांडला आहे, तो पहिल्या टप्प्यात २०० दशलक्ष लिटरचा.

मी धरणाच्या विरोधात नाही. माझी उमेदीची वर्षं धरणाखालच्या वाहिन्या टाकण्यात गेली. पण १८६० पासून प्रत्येक तहानेला मुंबईने नवा तलाव हेच उत्तर दिलं, आणि हाताशी आलेलं पाणी जपण्याचं काम कायम दुय्यम राहिलं. धरणाला उद्घाटन असतं. दुरुस्त केलेल्या सांध्यावर लगेच डांबर पडतं, तो कोणाला दिसतही नाही. एका शहरात आम्ही चार महिने रात्री एक ते चार कानाला दांडी लावून रस्ते ऐकत फिरलो. दांडीचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला. गळतीचा आवाज बारीक शिट्टीसारखा असतो, एकदा कानात बसला की विसरत नाही. त्या चार महिन्यांनंतर टोकाच्या दोन वस्त्यांना टँकर लागला नाही. एकही नवा थेंब आणलेला नव्हता.

आता फळ्यावरचा ३९ चा आकडा. पालिकेच्या निकषानुसार इमारतीत राहणाऱ्याला माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याला ४५ लिटर. विहारच्या काळच्या सरासरीपेक्षा ६ लिटर जास्त. १२० पट पाणी आलं आणि त्याच शहरातल्या लाखो माणसांच्या वाट्याचा निकष जवळपास तिथेच राहिला. कितीतरी वर्षं तर त्यांच्यातल्या अनेकांना जोडणीच नाकारली जात होती. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की घर अनधिकृत असलं तरी पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पुढे २०२२ मध्ये पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणलं. अधिकृत जोडणीचं पाणी हजार लिटरला दहा रुपयांच्या आतलं असतं, आणि जोडणी नसलेला माणूस तेच पाणी हंड्याच्या भावाने कितीतरी महाग घेतो. मुलांच्या प्रकल्पात हे एक पान असू द्या. तुमच्या वर्गात त्या ४५ लिटरमध्ये राहणारी मुलंही असतील.

दुसरं पान शहापूरचं. तानसा आणि भातसा, दोन्ही शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. मार्चनंतर डोंगराच्या कुशीतली विहीर तळाला जाते आणि बाया रात्री विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात. खाली दरीत मुंबईचं पाणी दिसत असतं. भावली धरणातून या गावांसाठी योजना हाती घेतली आहे, ती पूर्ण होऊन पाड्यापाड्यावर नळ यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. मुंबईच्या पाण्याचा वाढदिवस करायचा, तर ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांचं नाव आधी घ्यावं.

मग साजरं काय करायचं? पुष्कळ आहे, ताई. इगतपुरीकडच्या डोंगरातलं पाणी सुमारे शंभर किलोमीटर येतं आणि त्यातलं बरंचसं केवळ उताराने येतं, पंपाशिवाय. भातसाचं पाणी तेवढं पिसे इथे उपसावं लागतं. हा उतार ज्यांनी दुर्बीण आणि पट्टी घेऊन रानातून मोजत आणला, ते मोजणीदार आणि त्यांच्याबरोबरचे मजूर यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. शहराच्या ऐन मध्यावर बिबट्या फिरतो असं जंगल उरलं, त्यातही या तलावांचा वाटा आहे. विहार-तुळशीला येणारं पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्यांच्या भोवतालचं रान राखलं गेलं आणि तेच पुढे राष्ट्रीय उद्यानाचा गाभा झालं. मलबार हिलवर हँगिंग गार्डनमध्ये मुलं खेळतात, त्या हिरवळीखाली १८८० च्या दशकातला जलाशय आहे आणि तो आजही गिरगाव, फोर्टपर्यंत पाणी देतो. शक्य असेल तर तुमच्या वॉर्डातल्या एखाद्या चावीवाल्याला शाळेत बोलवा. त्यांना मुलांसमोर चावी धरून आटे मोजून दाखवू द्या. मी अनेक शाळांत गेलो आहे, मुलं माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त प्रश्न विचारतात.

प्रकल्पात प्रात्यक्षिक हवं असेल तर एक सोपं सुचवतो. शनिवारी शाळा सुटल्यावर खालच्या टाकीत येणारी चावी आणि वर चढवणारा पंप बंद करायला सांगा. शिपाईदादांना सोबत घेऊन, झाकणाच्या तोंडातूनच एक उभी पट्टी सोडा आणि पाण्याची पातळी टिपा. मुलांना टाकीत वाकू देऊ नका. सोमवारी सकाळी चावी उघडण्यापूर्वी पुन्हा मोजा. कोणी पाणी वापरलेलं नाही, तरी पातळी उतरली असेल तर तेवढी तुमच्या टाकीची गळती. समजा टाकी तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आहे आणि पातळी पाच सेंटीमीटर उतरली, तर तीनशे लिटर गेले. त्याला ४५ ने भागायला सांगा. मग वरच्या टाकीचं मोजा, आणि त्यानंतर प्रत्येक मजल्यावरचे नळ.